उपग्रहाच्या नजरेतून पुरातन नगरे



गोंदिया जिल्हा १ मे १९९९ रोजी भंडाऱ्यापासून वेगळा झाला. परंतु वैनगंगेच्या खोऱ्यातील नगरांचा इतिहास दोन हजार वर्षांहून जुना आहे. याच नदीकाठी पवनी येथे १९६९-७० मध्ये नागपूर विद्यापीठ व भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण यांनी संयुक्तपणे उत्खनन केले आणि बौद्ध स्तूपांचे अवशेष उजेडात आले. नदीची बाजू वगळता गावाभोवती मातीचा तट व खंदक होता.

असे तट शोधण्यास उपग्रह कसा उपयोगी पडतो? जवळून पाहणाऱ्यास तट म्हणजे साधा बांध वाटतो. उंचावरून मात्र त्याचे संपूर्ण वळण दिसते. पुरलेल्या भिंतीवर मातीचा थर पातळ असल्याने ओल लवकर आटते व पीक आधी पिवळे पडते. बुजलेल्या खंदकात ओल टिकते व पीक अधिक काळ हिरवे राहते. डोळ्यांना न दिसणारे अवरक्त किरण उपग्रह टिपतो. त्यामुळे हा फरक ठळक होतो.

१७ मार्च १९८८ रोजी सोडलेल्या आयआरएस-१ए या भारतीय उपग्रहाच्या चित्रांत सुमारे ३६ मीटरपेक्षा लहान वस्तू वेगळी दिसत नसे. २००५ मधील कार्टोसॅट-१ ने ही मर्यादा अडीच मीटरवर आणली. नालंदा येथे अशा चित्रांच्या अभ्यासातून उत्खनन झालेल्या क्षेत्राबाहेरही अवशेषांच्या खुणा आढळल्या.

गोंदियात मात्र सावधगिरी हवी. येथे धानाच्या बांध्या आहेत, दाट जंगल आहे आणि कोहळी समाजाने बांधलेले जुने तलाव आहेत. तलावाची वळणदार पाळ चित्रात तटासारखीच भासू शकते. म्हणून चित्रावरून केलेला तर्क हा निष्कर्ष नव्हे. धानाची कापणी झाल्यावर प्रत्यक्ष शिवारात जाऊन खापरे, विटा व मातीचे थर तपासावेच लागतात.

परंतु तपासणीपूर्वीच टेकाड सपाट झाले, तर उपग्रहही निरुपयोगी ठरतो. मुरूम काढताना किंवा शेत समतल करताना शतकांचा पुरावा एका दिवसात नाहीसा होतो. यास्तव कामास मंजुरी देण्यापूर्वी ग्रामपंचायतीने जागेची पाहणी करावी. शिक्षकांनी विद्यार्थ्यांकडून गावातील जुन्या टेकाडांची नोंद करवून घ्यावी. जुन्या विटा वा मूर्ती आढळल्यास काम थांबवून तहसीलदारांमार्फत पुरातत्त्व विभागास कळवावे. दहा रुपयांहून अधिक मोलाचा भूमिगत ठेवा सापडल्यास जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळविणे १८७८ च्या कायद्याने बंधनकारक आहे.

उपग्रह जागा दाखवील. ती राखणे गावाच्याच हाती आहे.