एक सहल, दोन दिवस



खोपोलीजवळच्या इमॅजिकाला दोन दिवस कशाला, असे काहींनी विचारले. तेथे २०१३ साली खेळांची बाग उघडली आणि २०१४ साली शेजारीच पाण्याची. दोन्ही एका दिवसात उरकणे म्हणजे नुसती धावपळ. पहिल्या दिवशी कोरडे खेळ, रात्री तिकडेच मुक्काम, दुसऱ्या दिवशी पाणी. कल्याणहून कर्जतमार्गे खोपोलीपर्यंत लोकल आहे. जाण्यायेण्याचे भाडे एकदाच पडेल.

पण माझे खरे म्हणणे निराळेच आहे. सहलीत पिशव्या व मुले सांभाळत बाकावर बसणारी बाई ठरलेली असते. पहिल्या दिवशी जी बसेल, तिने दुसऱ्या दिवशी पाण्यात उतरावे आणि तिची पिशवी दुसरीने धरावी. वर्गणी सारखी, तशी मौजही सारखी असावी.