उपवास, दान आणि मौन



ख्रिस्ती उपवासकाळ भस्म बुधवारी सुरू होतो. पुनरुत्थानाच्या सणापर्यंत दिवस भरतात ४६. रविवार आनंदाचे म्हणून वगळले, की उरतात ४०. येशूने अरण्यात केलेल्या उपवासाचे हे स्मरण होय. मागील वर्षीच्या झावळ्यांच्या रविवारी मिरवलेल्या झावळ्यांचीच राख मस्तकी लावतात. काल ज्यांनी जयजयकार केला, त्यांची आज राख होते, हा पहिला धडा!

दुसरा धडा अधिक कठीण आहे. कॅथलिक उपासनेत त्याच दिवशी मत्तयाच्या शुभवर्तमानातील सहावा अध्याय वाचला जातो. दान, प्रार्थना व उपवास ही तिन्ही गुप्तपणे करावीत, असे तो सांगतो. कपाळी राख दिसते आणि कानी पडते ते प्रदर्शनाविरुद्धचे वचन!

१९८३ च्या कॅथलिक धर्मसंहितेने सक्तीचा उपवास भस्म बुधवार आणि उत्तम शुक्रवार या दोनच दिवसांपुरता ठेवला. सक्ती घटली, तसा विवेकावरील भार वाढला. कारण आपण टाळलेला घास भुकेल्याच्या ताटात पोहोचला नाही, तर तो उपवास नव्हे. ती केवळ काटकसर होय.

स्मृतिदिन पाळणाऱ्या आपणा सर्वांनाही हाच निकष लागू आहे.