गिऱ्हाईक बांधावर आले, पण बांध राहिला का?
(जिल्हा बैठकीतील भाषण)



दारूचा प्रचार करायला आम्ही उभे नाही. कोरडवाहू मालाचे नाव झाले की पुढे काय होते, तेवढे सांगायचे आहे.

ग्रीस देशात सांतोरिनी नावाचे बेट आहे. जमीन ज्वालामुखीच्या राखेची. पाऊस वर्षाला चारशे मिलिमीटरच्या आत, तोही हिवाळ्यात. वारा असा की मांडव टिकत नाही. म्हणून तिथला शेतकरी वेल जमिनीलगत गोल वळवतो, टोपली विणावी तशी. घड आत, वाऱ्याउन्हापासून झाकलेले. रात्री समुद्रावरून धुके येते, सच्छिद्र दगड तो ओलावा धरतात. आपली मालदांडी काळ्या रानातल्या ओलीवर येते, तशीच ही वेल. एकोणिसाव्या शतकात फायलोक्सेरा किडीने युरोपातले द्राक्षमळे बुडवले. या राखेत ती कीड जगली नाही. वेल थकली की वरून छाटतात, जुन्याच मुळावर नवी फूट येते.

या असिर्तिको द्राक्षाच्या पांढऱ्या वाइनला १९७१ साली सांतोरिनी नावाचे कायदेशीर संरक्षण मिळाले. शेतकऱ्यांचा सहकारी संघ १९४७ पासूनचा. संघाची वाइनरी उंच कड्यावर आहे. पाहुणे समुद्राकडे तोंड करून बसतात, चव घेतात, बाटल्या विकत नेतात. जोडीला बेटावरचे छोटे टोमॅटो आणि आपल्या लाखोळीच्या जातकुळीतली पिवळी डाळ. गिऱ्हाईकच बांधावर येते!

आता दुसरी बाजू ऐका. पाहुणे वाढले तशी हॉटेले वाढली. जमिनीला जो भाव आला, तो द्राक्षाला कुठून येणार? मळे विकले गेले, त्यावर इमारती उठल्या. पोरे शेत सोडून हॉटेलात लागली. त्यात अलीकडच्या दुष्काळाने पीक घटले. फेब्रुवारी २०२५ मध्ये भूकंपाचे धक्के बसू लागले, तेव्हा हजारो लोक बेट सोडून गेले. पाहुणा जाऊ शकतो. वेल कुठे जाणार?

मंगळवेढ्याच्या ज्वारीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले. चांगलेच झाले. पण नुसत्या शिक्क्याने पोट भरत नाही. त्या नावाचा पैसा ताटात हुरडा वाढणाऱ्या हॉटेलवाल्याकडे जाणार, की ज्वारी पेरणाऱ्याकडे? पेरणाऱ्याला परवडले नाही, तर तो रान विकेल. मग नाव उरेल पाटीवर, रानात काहीच नाही.

म्हणून नाव मिळवायच्या आधी भाव कोण ठरवणार, ते ठरवा. आणि ते आपण एकत्र बसूनच ठरवू.