पाळण्यातले पाय



1910 साली लक्ष्मणराव किर्लोस्करांनी औंध संस्थानातील माळरानावर कारखाना उभारला. सांगली जिल्ह्यातील आजची किर्लोस्करवाडी ती हीच. तेथे घडलेल्या लोखंडी नांगराचा फाळ बोथट झाला की दोन तास मारताच शेतकऱ्याच्या हाताला ते कळे. आज साताऱ्या-सांगलीच्या घरांत जी यंत्रे येतात, मोबाईल, टीव्ही, लॅपटॉप, त्यांचे दोष असे हाताला लागत नाहीत. वस्तू कोरी करकरीत दिसते आणि दुखणे आत असते. ते प्रारंभीच कसे ओळखावे, एवढाच माझा आजचा विषय आहे.

मुलाचे पाय पाळण्यात दिसतात, असे आपण म्हणतो. यंत्रांच्या बाबतीत हे अभियंत्यांनी आलेख काढून दाखविले आहे. त्या आलेखाचा आकार न्हाणीघरातील टबासारखा असतो: आरंभी बिघाड पुष्कळ, मग दीर्घकाळ थोडे, आणि शेवटी झीज झाली की पुन्हा पुष्कळ. कारण उघड आहे. कच्चा राहिलेला डाख, नीट न बसलेली जोडणी, बॅटरीत शिरलेला धातूचा कण, ही कारखान्यातील कसर वापर सुरू होताच उघडी पडते. म्हणून पहिला महिना हा तपासणीचाच शेवटचा टप्पा समजावा. त्या टप्प्याचे तपासनीस आपण असतो. दसऱ्याच्या सवलतीत घेतलेला टीव्ही लग्नघरासाठी चार महिने खोक्यात ठेवणे म्हणजे ही तपासणी न करताच बदलून घेण्याची मुदत घालविणे होय.

आता लक्षणे पाहू. सर्वांत फसवे लक्षण म्हणजे 'कधीमधी' होणारा बिघाड. यंत्र तासभर चालून तापले की पडदा लुकलुकतो, थंड झाले की सुरळीत होतो. धातू तापून प्रसरण पावतो आणि कच्चा डाख सुटतो. थंड होताच पुन्हा टेकतो. दुकानात नेईपर्यंत वस्तू निवते आणि ग्राहकच खोटा ठरतो. दुसरे लक्षण फुगण्याचे. मोबाईलची पाठ उचलली गेली, लॅपटॉप सपाट मेजावर डुगडुगू लागला, तर आत बॅटरीत वायू साठला असण्याचा संभव असतो. अशी वस्तू दाबू नये, टोचू नये, चार्जिंगला लावू नये. तिसरे लक्षण करपट वासाचे. तेथे क्षणाचाही विलंब नको.

परंतु प्रत्येक लक्षण म्हणजे दोष नव्हे, हेही ध्यानात ठेवावे. चार्जर कोमट होणे स्वाभाविक आहे. नवा मोबाईल पहिले एक-दोन दिवस आपली जुळवाजुळव करताना तापतो. घरच्या विजेचा दाब कमीजास्त होत असेल, अर्थिंग नसेल, तर निर्दोष यंत्रही आजारी दिसते. म्हणून शेजारच्या घरी, दुसऱ्या सॉकेटवर ते चालवून पाहावे. बिघाड यंत्राबरोबर तेथेही गेला, तर बहुधा तो यंत्राचा. घरीच राहिला, तर घरच्या विजेचा. चार्जरवर भारतीय मानक ब्यूरोचा नोंदणी क्रमांक आहे की नाही, तेही घेतानाच पाहावे.

अशा बारीकसारीक तक्रारींनी काय होणार, असे कोणी म्हणेल. 2016 सालचे उदाहरण घ्या. सॅमसंगचा गॅलॅक्सी नोट 7 हा मोबाईल 19 ऑगस्टला बाजारात आला. 2 सप्टेंबरला कंपनीने विक्री थांबवून सुमारे 25 लक्ष संच बदलून देण्याचे जाहीर केले. तोवर जगभरातून आलेल्या तक्रारी होत्या अवघ्या 35! बदलून दिलेले संचही पेटू लागले आणि ऑक्टोबरात उत्पादनच बंद झाले. पुढे जानेवारी 2017 मध्ये कंपनीने कारणे सांगितली: एका पुरवठादाराच्या बॅटरीत कोपऱ्यातील पत्रे वाकले होते, दुसऱ्याच्या बॅटरीत वेल्डिंगचे उंचवटे राहिले होते. मोठमोठ्या प्रयोगशाळांच्या नजरेतून जे सुटले, ते सामान्य ग्राहकांच्या खिशात आणि उशाशी उघडकीस आले. त्या पस्तीस जणांनी 'आपले नशीब' म्हणून मोबाईल कोनाड्यात टाकला असता तर?

म्हणून माझे सांगणे एकच आहे: दिसले ते लिहून ठेवा आणि वेळेत बोला. तारीख, वेळ, यंत्र किती वेळ चालले होते आणि काय झाले, एवढी नोंद वहीत असावी. त्या क्षणाचे चलच्चित्र घ्यावे, पावती व खोके जपावे, आणि तक्रार लेखी द्यावी. पुण्यात 1974 साली बिंदुमाधव जोशी यांनी ग्राहक पंचायत सुरू केली, ती एकट्या ग्राहकाचा आवाज दुबळा पडतो हे ओळखूनच. 1986 साली ग्राहक संरक्षण कायदा झाला. 2019 च्या नव्या कायद्याने तर ग्राहकाला आपल्या राहत्या जिल्ह्यातच तक्रार करण्याची मुभा दिली. वस्तू बेंगळुरूहून मागविलेली असली, तरी साताऱ्याच्या माणसाने साताऱ्यात आणि सांगलीच्या माणसाने सांगलीत दाद मागावी. पाच लक्ष रुपयांपर्यंतच्या वस्तूस शुल्क नाही. मुदत दोन वर्षांची आहे. दोष डोळ्यांना दिसत नसेल, तर आयोग वस्तू प्रयोगशाळेकडे धाडू शकतो. सल्ल्यासाठी 1915 हा दूरध्वनी क्रमांक आहे.

कायदा आहे, आयोग आहे. पण 'मंगळवारी रात्री नऊ वाजता पडदा काळा झाला' हे वाक्य आपल्याखेरीज दुसरे कोणी लिहू शकत नाही. ते आपण लिहावे, अशी विनंती करून मी आपली रजा घेतो.