चौघांनी लिहिलं, जाब एकीला



मी साहित्याची अभ्यासक नाही. इंजिनिअरिंग केलं, सॉफ्टवेअर कंपनीत नोकरी करते. म्हणून आज प्रामुख्याने एकाच लेखिकेविषयी बोलते: डॉ. रशीद जहाँ.

१९३२ साली लखनौमध्ये ‘अंगारे’ हा उर्दू संग्रह निघाला. लेखक चार: सज्जाद ज़हीर, अहमद अली, महमूदुज्जफर आणि रशीद जहाँ. एकूण दहा रचना, त्यातल्या रशीद जहाँच्या फक्त दोन. मार्च १९३३ मध्ये संयुक्त प्रांताच्या सरकारने पुस्तकावर बंदी घातली. टीका चौघांवरही झाली. पण ‘अंगारेवाली’ हे नाव एकीलाच चिकटलं. नाक कापू, चेहऱ्यावर अ‍ॅसिड टाकू, अशा धमक्या तिला आल्या.

तिने असं लिहिलं तरी काय होतं? ‘दिल्ली की सैर’ ही जेमतेम काही पानांची गोष्ट. नवरा बायकोला दिल्ली दाखवायला नेतो. स्टेशनवर त्याला ओळखीचा माणूस भेटतो. बुरख्यातल्या बायकोला सामानापाशी बसवून तो निघून जातो, खाऊन-पिऊन परततो. ती म्हणते, मला घरी घेऊन चला. झाली दिल्लीची सैर! दुसरी रचना ‘पर्दे के पीछे’ ही नाटिका. सततच्या बाळंतपणांनी खंगलेली बाई दुसऱ्या एका बाईपाशी मन मोकळं करते. रशीद जहाँ स्वतः डॉक्टर होत्या. अशा बायका त्यांच्यासमोर रोज येत असणार.

या लिखाणात धर्मावर व्याख्यान नाही. घरात सगळ्यांना माहीत असलेली गोष्ट एका बाईने स्वतःच्या नावानिशी छापली, हाच तिचा गुन्हा.

आपल्याकडे याआधी पन्नास वर्षं, १८८२ साली, बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी ‘स्त्रीपुरुष तुलना’ लिहिली. निमित्त होतं सुरतच्या विजयालक्ष्मी या विधवेला बालहत्येबद्दल झालेल्या शिक्षेचं. ताराबाईंचा सवाल सरळ होता: दोष दोघांचा, मग शिक्षा एकटीला का? त्यांच्यावरही झोड उठली. जोतीराव फुले ‘सत्सार’मधून त्यांच्या बाजूने उभे राहिले. तरी ताराबाईंचं दुसरं पुस्तक आलं नाही.

आता घरातलं सांगते. तलाकच्या प्रश्नावर मी एक लेख लिहिला. अब्बांनी तो दोनदा वाचला, म्हणाले, “चांगला आहे. पण नाव बदलून दे. तुझ्या धाकट्या बहिणीचं लग्न ठरवायचंय.” माझा भाऊ याहून तिखट लिहितो, तेही फोटोसकट. त्याच्या लिखाणामुळे कुणाचं लग्न अडेल, असं घरात कुणालाच वाटत नाही. अब्बा वाईट नाहीत. मला शिकवलं त्यांनीच. ते घाबरतात, आणि त्यांची भीती खोटी नाही. पण तिची किंमत मीच का भरायची?

मी लेख स्वतःच्या नावाने दिला. अब्बा आठवडाभर बोलले नाहीत. मग एके दिवशी त्यांनीच विचारलं, “पुढचा कधी?”

बाई लिहू शकते का, हा प्रश्न आता जुना झाला. लिहिल्यावर तिच्या शेजारी कोण उभं राहतं, हा खरा प्रश्न आहे. १९३३ च्या एप्रिलमध्ये महमूदुज्जफर यांनी वर्तमानपत्रात निवेदन देऊन सांगितलं की लेखकांना माफी मागायची नाही. ताराबाईंसाठी जोतीराव बोलले. इथे बसलेल्या भावांना माझी एवढीच विनंती: बहिणीला नाव बदलायला सांगण्याआधी तिच्या नावाखाली स्वतःचं नाव लिहायची तयारी ठेवा.