बोलण्याचे भय आणि समूहाचा आधार
(सुवर्णमहोत्सवी समारंभातील भाषण, नाशिक)



प्रथम एक कबुली देतो. अध्यापनाच्या काळात, तोंडी परीक्षेत गप्प राहिलेल्या एका विद्यार्थ्याला मी सर्वांदेखत ‘मुखदुर्बळ’ म्हटले. त्याचा अभ्यास उत्तम होता, हे पुढे त्याच्या उत्तरपत्रिकेवरून कळले. परंतु तोवर त्याने वर्गात येणेच सोडले होते. लाजाळूपणा आणि सामाजिक भयगंड यांतील भेद मला तेव्हा ठाऊक नव्हता.

लाजाळू माणूस हळूहळू रुळतो. भयगंडाने ग्रासलेला विद्यार्थी मात्र ‘लोक हसतील’ या धास्तीने वर्ग, मुलाखत, लग्नकार्यसुद्धा टाळतो. टाळल्याने क्षणभर हायसे वाटते आणि म्हणूनच भय टिकून राहते.

या भयावरील उपायाचा एक धागा अल्बर्ट एलिस यांच्यापाशी पोहोचतो. स्त्रियांशी बोलण्यास न धजणाऱ्या एलिस यांनी एकोणिसाव्या वर्षी न्यूयॉर्कमधील एका उद्यानात शंभर अपरिचित स्त्रियांशी संभाषण केले. एकीनेच भेटण्याचे कबूल केले, आणि तीही आली नाही! तरी आभाळ कोसळले नाही. भय मात्र ओसरले. १९५५ मध्ये त्यांनी विवेकनिष्ठ मानसोपचार मांडला. आपल्या महाराष्ट्रात कि. मो. फडके यांनी १९६८ पासून एलिस यांच्याशी प्रदीर्घ पत्रव्यवहार करून या पद्धतीचा अभ्यास व प्रसार केला.

पुढे अमेरिकेत रिचर्ड हाइमबर्ग यांनी सामाजिक भयासाठी समूहोपचार आखला. सुमारे सहा जणांचा गट, दोन उपचारक, आठवड्यातून एक याप्रमाणे बारा बैठका. मनात आलेला भयाचा विचार लिहावा, त्यास पुरावा काय ते तपासावे, गटासमोर थोडे बोलावे आणि तेच पुढे वर्गात, दुकानात करून पाहावे. आपल्याप्रमाणे इतरांनाही घाम फुटतो, हे गटात प्रत्यक्ष दिसते. एकट्याने घेतलेल्या उपचारात हा दिलासा सहसा मिळत नाही.

पालकांना विनंती, की पाहुण्यांसमोर मुलाच्या वतीने आपण उत्तर देऊ नये आणि त्याला हिणवूही नये. शासनाची ‘टेलि-मानस’ सेवा १४४१६ या क्रमांकावर उपलब्ध आहे. आपल्या संस्थेनेही प्रशिक्षित मानसोपचारतज्ज्ञांच्या देखरेखीखाली अशा गटासाठी आठवड्यातील एक सायंकाळ हे सभागृह द्यावे.

त्या विद्यार्थ्याची क्षमा मागण्याची संधी मला लाभली नाही. ती आज आपणा सर्वांसमोर मागतो.

जय जिनेंद्र!