प्रशिक्षणार्थी परिचारिका : ताळेबंदाबाहेरील एक बाब
(वार्षिक सर्वसाधारण सभेतील भाषण)



मी वाणिज्य शाखेचा पदवीधर. रुग्णालयातील बहुतेक गोष्टी मला जमाखर्चातून दिसतात. ताळेबंदात जिला रकाना नाही अशा एका बाबीविषयी आज चार शब्द बोलण्याची अनुमती घेतो.

जी.एन.एम. हा अभ्यासक्रम तीन वर्षांचा असून त्यातील अखेरचे सहा महिने आंतरवासितेचे असतात. वीस-एकवीस वर्षांची, बहुधा प्रथमच घराबाहेर राहणारी मुलगी रात्रपाळीला उभी असते. कोणाचे सलाईन संपत आलेले असते, कोणी तिच्या डोळ्यांदेखत प्राण सोडलेला असतो आणि नातेवाईक ‘डॉक्टर कुठे आहेत?’ असा जाब तिलाच विचारत असतात. ती अद्याप शिकते आहे, हे त्या घाईत कोणाच्या ध्यानात येणार?

वसतिगृहात मैत्रिणीजवळ मन मोकळे करणाऱ्या मुली पुष्कळशा सावरतात. चिंता वाटते ती गप्प राहणारीची. वापरलेली सुई बोटाला टोचली, तर जागा साबण-पाण्याने धुऊन तत्काळ कळवावयाचे असते. एच.आय.व्ही.चा धोका आढळल्यास प्रतिबंधक औषध शक्यतो दोन तासांत, उशिरात उशिरा ७२ तासांच्या आत सुरू करून २८ दिवस घ्यावे लागते. ‘सिस्टर रागावतील’ या भीतीने मुलगी बोलली नाही, तर हे मोलाचे तास निघून जातात. रागावणे म्हणजेच शिस्त, असे मानणारी अनुभवी मंडळी आपल्याकडेही आहेत. त्यांच्या कौशल्याविषयी मला आदर आहे, या मताविषयी नाही.

मेट्रनबाईंनी रात्रपाळीत विद्यार्थिनीला एकटी न ठेवण्याचा नियम केला आहे. पाळी बदलताना ‘आज काय जड गेले?’ हे विचारण्यासाठी दहा मिनिटे राखली आहेत. केंद्र शासनाने ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू केलेल्या ‘टेलिमानस’ या विनामूल्य सेवेचा १४४१६ हा क्रमांक वसतिगृहात लावला आहे. पहाटेच्या योगवर्गाचीही सूचना आली होती. योग उत्तमच, परंतु रात्रभर उभ्या राहिलेल्या मुलीला आधी झोप हवी.

म्हणून देणगीदारांस विनंती, की रात्रपाळीच्या मुलींसाठी दोन खाटांची, आतून कडी लागणारी विश्रांतीची खोली आगामी वर्षात व्हावी. जागा दुसऱ्या मजल्यावर उपलब्ध आहे; अंदाजपत्रक कार्यालयात पाहावयास मिळेल.